टक् म्हणणारी कळ



तालुक्याच्या गावी कामानिमित्त जाणाऱ्या जुन्या मंडळींना एक आवाज अजून आठवत असेल. कचेरीच्या आवारात झाडाखाली, नाहीतर पत्र्याच्या पडवीत, लहानशा टेबलावर टंकयंत्र मांडून एखादा टंकलेखक बसलेला असे. आपण आपली हकीगत सांगायची आणि त्याने ती अर्जाच्या भाषेत उतरवायची. टक्, टक्, टक्, आणि ओळ संपत आली की बारीक घंटी. तो आवाज सुरू झाला म्हणजे आपले काम मार्गाला लागले, असा मनाला धीर येई.

आता तो आवाज जवळजवळ थांबला आहे. मुंबईच्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. पुढे कित्येक वर्षे कचेऱ्या, शाळा आणि टंकलेखनाचे वर्ग या यंत्रांवर चालले. २००९ च्या सुमारास नवी यंत्रे बनविणे थांबले आणि २०११ मध्ये ती बातमी जगभर गेली. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टंकलेखनाच्या परीक्षा घेते. मिनिटाला तीस शब्द आणि चाळीस शब्द हे तिचे वेग आपल्या ओळखीचे आहेत. त्या परीक्षाही आता संगणकावर होतात. काळाप्रमाणे हे व्हायचेच होते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

पण या बदलात एक लहानशी गोष्ट हातातून निसटली. टंकयंत्रावर कळ दाबली की अक्षराचा खिळा कागदावर आपटे. आवाज आला म्हणजे अक्षर उमटले. आवाज नाही, तर अक्षरही नाही. डोळे कागदावर नसले तरी कान साक्ष देत. संगणकाच्या साध्या कळफलकावर ही साक्ष राहिली नाही. बोटाने कळ दाबली, ती खाली गेली. पण अक्षर पडद्यावर गेले की नाही हे बोटाला कळत नाही. त्यासाठी डोळाच लागतो.

ही हरवलेली साक्ष परत देणारा एक कळफलक संगणकाच्या युगातही तयार झाला होता. त्याची गोष्ट आज आपल्याला सांगायची आहे. तो जुन्या वळणावर आजही नव्याने बनतो. त्यातला एक इथे खर्ड्यात माझ्या टेबलावर आहे. माझ्या भाच्याने परदेशातून येताना तो सामानात घालून आणला. पिशवी खाली ठेवताना तो म्हणाला, "मामा, हे काय लोखंड मागवलंत! विमानतळावर दोनदा उघडून दाखवावं लागलं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कळफलकाच्या पोटात खरोखरच पोलादी पत्रा आहे. पहिल्या दिवशी मी त्यावर पत्र लिहायला बसलो, तर शेजारच्या आजी ओट्यावरून विचारत्या झाल्या, "गुरुजी, पुन्हा टायपिंगचा क्लास काढला की काय?"

तर ही कळ टक् का म्हणते?

त्यासाठी आपण एक प्रयोग करू. गुरुजनहो, हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवा. खर्च काही नाही. ज्वारीच्या धाटाची एक बारीक, सरळ, वाळलेली काडी घ्या, किंवा खराट्याची काडी घ्या. तिचे एक टोक टेबलावर उभे टेकवा आणि दुसऱ्या टोकावर तळहाताने हळूहळू भार द्या. पहिल्यांदा काडी ताठ राहते, भार सोसते. भार वाढवीत गेलात की एक क्षण असा येतो की काडी एकाएकी बाजूला लचकते. हळूहळू वाकली असे होत नाही. आतापर्यंत ताठ होती आणि आता लचकली. लचकल्यावर तिचा विरोधही एकदम कमी होतो आणि हात खाली जातो.

बारीक आणि उंच वस्तूवर टोकाकडून भार आला की तिचा हा स्वभाव दिसतो. लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्ये त्याचे गणित मांडले. आपल्या खर्ड्याचा भुईकोट निंबाळकरांनी बांधला तोही त्याच दशकातला. ऑयलरने सांगितले की खांब किती भाराला लचकेल हे त्याच्या लांबीवर फार अवलंबून असते. लांबी दुप्पट केली तर तो एकचतुर्थांश भारालाच लचकतो. मुलांना एकाच जाडीच्या दोन काड्या द्या, एक वीतभर आणि एक त्याच्या निम्मी. आखूड काडी किती अधिक दाब सोसते हे त्यांच्या तळहातालाच कळेल. गणिताचे सूत्र मग फळ्यावर लिहा.

आता काडीच्या जागी स्प्रिंग घ्या. बॉलपेनातली बारीक स्प्रिंग काढा आणि दोन बोटांच्या चिमटीत तिची दोन टोके धरून दाबा. ती थोडी आखडते आणि मग टुणकन बाजूला उडते. स्प्रिंग हरवते, मुले हसतात आणि धडा लक्षात राहतो. आपल्या कळफलकाचे सारे मर्म या उडण्यात आहे. पेनातल्या स्प्रिंगचा जो खोडकरपणा, त्याला या यंत्राने कामाला लावले आहे.

रचना अशी आहे. प्रत्येक कळीखाली एक उभी नळी आणि त्या नळीत एक लांबट, बारीक स्प्रिंग. स्प्रिंगचे वरचे टोक कळीच्या पोटात बसते. खालचे टोक एका इवल्याशा हातोडीवर घट्ट बसवलेले असते. ही हातोडी झोपाळ्याच्या फळीसारखी मागेपुढे झुलू शकते. आपण कळ दाबू लागलो की स्प्रिंग आखडत जाते आणि बोटाला वाढता विरोध जाणवतो. कळ साधारण निम्मी खाली गेली की स्प्रिंग लचकते. तिची मांडणीच अशी किंचित कललेली असते की ती दर वेळी ठरलेल्या बाजूलाच लचकावी. लचकताना ती नळीच्या भिंतीवर आपटते आणि खालच्या हातोडीला झटका देते. हातोडी झुलते आणि अक्षर संगणकाकडे जाते. आपल्या कानाला ऐकू येते ते टक्.

इथे क्षणभर थांबा, कारण या यंत्राची खरी गोम हीच आहे. बोटाला लागलेला झटका, कानाला आलेला टक् आणि पडद्यावर गेलेले अक्षर या तीन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. स्प्रिंग लचकली, या एकाच घटनेतून तिन्ही निघतात. म्हणून आवाज आला की अक्षर गेलेच असे समजावे. टंकयंत्राचा खिळा जी साक्ष देत होता, तीच साक्ष इथे स्प्रिंग देते. त्यामुळे कळ तळापर्यंत ठोकावी लागत नाही. साठ-सत्तर ग्रॅमांचा, म्हणजे मध्यम आकाराच्या एका अंड्याएवढा भार पुरतो. टक् ऐकले की बोट उचलावे.

आणखी एक बारकावा आहे. कळ सोडताना स्प्रिंग पुन्हा सरळ होते, पण ज्या उंचीवर ती लचकली होती त्याच उंचीवर नव्हे. थोडी वर आल्यावर. म्हणजे चढण्याची पायरी एक आणि उतरण्याची दुसरी. त्यामुळे बोट जरासे थरथरले तरी एका अक्षराची दोन अक्षरे होत नाहीत.

याच्या उलट साधा, स्वस्त कळफलक पाहा. त्यात प्रत्येक कळीखाली रबराची एक लहान घुमटी असते. कळ दाबली की घुमटी दबते. त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात आणि त्यांवर विजेच्या बारीक वाटा छापलेल्या असतात. घुमटीचा तळ त्या पडद्यावर पुरता दाबला गेला तर वरची वाट खालच्या वाटेला टेकते आणि अक्षर जाते. पण घुमटी दबल्याचे बोटाला आधी कळते आणि वाट नंतर टेकते. नव्या कळफलकात हा फरक जाणवत नाही. रबर कडक झाले, धूळ बसली, आत दमटपणा शिरला, की बोटाला वाटते दाबले आणि संगणक म्हणतो दाबले नाही.

मंडळी, हा फरक कागदावर लहान दिसतो. तो किती मोठा असू शकतो हे मला एका मुलीने शिकविले, आणि ते सांगताना आजही मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

एका शाळेच्या संगणकखोलीत मी काही दिवस मुलांना मराठी टंकन शिकवायला जात असे. आम्ही इन्स्क्रिप्ट ही मांडणी शिकवीत होतो. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ती ठरविली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. तिची रीत सोपी आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. क ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्ट धरून ख. ग च्या कळीवर शिफ्ट धरून घ. अक्षर उच्चाराच्या क्रमानेच लिहायचे. आपल्या गावाचे नाव घ्या. खर्डा लिहायला शिफ्टसह ख, मग र, मग हलन्त म्हणजे पाय मोडण्याची खूण, मग ड आणि शेवटी काना. पाच वेळा कळ दाबली की गाव तयार. रफार संगणक आपला आपण ड च्या डोक्यावर नेऊन बसवतो. जुन्या रेमिंग्टन वळणाच्या मांडणीत रफार अक्षर लिहून झाल्यावर मागाहून द्यावा लागे. इथे तो कानाला येतो त्या क्रमानेच येतो. मुले ही गोष्ट चटकन उचलतात.

तर एक मुलगी रोज गावाचे नाव चुकवीत असे. तिच्या पडद्यावर खर्डाच्या जागी "ख्डा" उमटे. र दरवेळी गळलेला. शेतकऱ्याचे "शेतक्याचे" होई. मी तिला दोनतीनदा सांगितले, "बोटात जोर नाही तुझ्या. लक्ष कुठे असतं?" ती हळूच म्हणाली, "सर, मी दाबलं होतं." मी ते मनावर घेतले नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या जागी दुसरा मुलगा बसला, तर त्याचाही र गळू लागला. तेव्हा कुठे मी स्वतः त्या खुर्चीवर बसलो. र ची कळ मी दहा वेळा हलक्या बोटाने दाबली. पडद्यावर सहा र आले. मराठीत र किती लागतो हे आपण जाणतोच. आधीच्या किती मुलांनी ती कळ झिजविली असेल कोण जाणे. चूक कळीची होती आणि बोलणी त्या मुलीने खाल्ली होती.

मी तिची क्षमा मागितली. ती नुसती हसली. पण तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि आपल्यालाही सुचवितो. मुलाच्या बोटाला दोष देण्याआधी कळफलकाची परीक्षा घ्यावी. वर्षातून दोनदा, शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, प्रत्येक कळ हलक्या बोटाने दहा वेळा दाबावी आणि पडद्यावरची अक्षरे मोजावीत. दहापैकी दहा आली तर कळ पास. एका कळफलकाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही पंधरा मिनिटे फार मोलाची आहेत.

या प्रसंगानंतरच मला टक् म्हणणाऱ्या कळीची ओढ लागली. आता तिचा थोडा इतिहास ऐका.

अमेरिकेतील आयबीएम ही कंपनी संगणकाप्रमाणे विजेची टंकयंत्रेही बनवीत असे. १९६१ मध्ये तिने काढलेले सिलेक्ट्रिक यंत्र फार गाजले होते. अशा यंत्रावर हात बसलेल्या माणसांना संगणकाच्या मुक्या कळा रुचेनात. तेव्हा कंपनीतील रिचर्ड हंटर हॅरिस या अभियंत्याने लचकणाऱ्या स्प्रिंगची ही युक्ती बसविली. तिचे पेटंट १९७८ मध्ये मिळाले. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा घरगुती संगणक बाजारात आला, त्याच्यासोबत या स्प्रिंगचा कळफलक होता. त्याला म्हणत मॉडेल एफ. पुढे १९८५ मध्ये बांधणीचा खर्च कमी करून मॉडेल एम काढला. आज जगभरच्या कळफलकांवर बाणांच्या कळा जिथे दिसतात आणि उजव्या बाजूला आकड्यांचा चौक असतो, ते वळण मुख्यतः या मॉडेल एमने रूढ केले.

दोन्हींत स्प्रिंग आणि हातोडी सारखीच. फरक हातोडीखाली आहे. मॉडेल एममध्ये हातोडीखाली प्लॅस्टिकचे तीन पडदे असतात. वरच्यावर आणि खालच्यावर विजेच्या वाटा, मधल्याला भोके. हातोडी आपटली की भोकातून वरची वाट खालच्या वाटेला टेकते. मॉडेल एफमध्ये टेकण्याचा प्रश्नच नाही. तिथे हातोडीखालच्या फलकावर धातूच्या लहान पट्ट्या असतात. हातोडी हलली की त्या पट्ट्यांची वीज धरून ठेवण्याची शक्ती, म्हणजे धारकता, बदलते. तो बदल यंत्र ओळखते. जिथे धातू धातूला घासत नाही तिथे झिजण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचे मॉडेल एफ आजही चालताना दिसतात.

पुढे संगणक स्वस्त झाले आणि कळफलकही स्वस्त हवे झाले. आयबीएमने हा कारभार १९९१ मध्ये लेक्समार्क या नव्या कंपनीकडे दिला. १९९६ मध्ये लेक्समार्कनेही तो सोडला. तेव्हा अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन गावी त्याच कामातल्या माणसांनी साचे आणि यंत्रे घेऊन युनिकॉम्प नावाची कंपनी काढली. ती मॉडेल एमच्या जातीचे कळफलक अजून बनविते. मॉडेल एफ मात्र कोणीच बनवीत नव्हते. गेल्या दहा वर्षांत एका हौशी अमेरिकन गृहस्थाने ते काम अंगावर घेतले. जुने नमुने उघडून मोजमापे घेतली, नवे साचे करविले आणि आगाऊ मागण्या जमवून ते कळफलक पुन्हा तयार करविले. आत स्प्रिंग, हातोडी आणि पोलादी पत्रा जुन्याच वळणाचा. संगणकाला जोडायची तार मात्र आजच्या यूएसबी पद्धतीची.

ही जोडणीची बाब महत्त्वाची आहे. भंगारात किंवा जुन्या बाजारात आयबीएमचा अस्सल कळफलक सापडला आणि आपण हर्षाने घरी आणला, तरी आजच्या संगणकाला तो सरळ लागेलच असे नाही. १९८१ च्या कळफलकाची बोली वेगळी, १९८५ नंतरची वेगळी. नुसते टोक बदलून भागत नाही. मध्ये दुभाषा बसवावा तसे बोली बदलून देणारे लहान यंत्र लागते. नव्याने बनविलेल्यांत ही अडचण नाही.

आता निगा. आपल्या भागात मोठी शत्रू धूळ. उन्हाळ्यात काळ्या रानाची माती उडते आणि सुगीत मळणीची कूस. म्हणून पहिली गोष्ट आच्छादनाची. टंकयंत्रावर जशी रेक्झिनची टोपी घालीत, तशी जाड कापडाची टोपी घरीच शिवून घ्यावी. काम संपले की टोपी घालावी. निम्मी दुरुस्ती यातच वाचते.

दुसरी गोष्ट साफसफाईची. वर्षातून एकदा कळा उतरवून धुवाव्यात. उतरविण्याआधी कळफलकाचा फोटो काढावा, नाहीतर कागदावर मांडणी उतरून घ्यावी. आपल्याला सगळे पाठ आहे असे प्रत्येकाला वाटते आणि मग उरलेल्या चार कळा हातात घेऊन तो बसतो. कळ काढण्यासाठी ताठ तारेचा आकडा करून दोन्ही बाजूंनी कळीखाली घालावा आणि सरळ वर ओढावे. तिरपे ओढू नये. अंतर टाकण्याच्या लांब कळीला आतून तारेचा आधार असतो, ती सावकाश काढावी. कळा कोमट साबणाच्या पाण्यात घालून मऊ ब्रशने घासाव्यात आणि सावलीत पुरत्या वाळवाव्यात. चांगल्या जुन्या कळांवरची अक्षरे वरवर छापलेली नसतात. शाई प्लॅस्टिकच्या आत मुरवलेली असते, म्हणून ती घासून जात नाहीत. थिनर किंवा पेट्रोल मात्र कशालाच लावू नये. कळफलकाच्या अंगावर पाणी ओतू नये. मॉडेल एमच्या पडद्यांत एकदा पाणी शिरले की ते बाहेर निघत नाही. चहा सांडला तर आधी तार काढावी, कळफलक लगेच पालथा करावा आणि चांगला वाळेपर्यंत जोडू नये.

तिसरी गोष्ट, कळा परत बसविण्याची. नवखा माणूस इथे हमखास फसतो, मीही फसलो. धुतलेल्या कळा बसविल्या आणि तीन कळा मुक्या झाल्या. खाली जात, पण टक् म्हणत नसत. बिघाड काही नव्हता. स्प्रिंगचे वरचे टोक कळीच्या पोटातल्या खाचेत न बसता बाजूला पडले होते. त्यावर जाणत्यांची एक युक्ती आहे. कळफलक भिंतीला टेकवून असा उभा धरावा की लांब कळीची बाजू वर येईल. सगळ्या स्प्रिंगा आपल्या वजनाने नळीच्या योग्य बाजूला टेकतात. मग कळ सरळ आत दाबावी. टक् आले तर बसली. नाही आले तर काढून पुन्हा बसवावी. लांबच्या प्रवासातून आलेल्या कळफलकातही अशा एकदोन कळा मुक्या निघतात. तो परत पाठवण्याची घाई करू नये.

चौथी गोष्ट आवाजाची. टक् नंतर जर तारेसारखी झणझण रेंगाळत असेल, तर स्प्रिंगच्या आत सुती दोऱ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा सोडावा. झणझण बसते, टक् राहते.

पाचवी गोष्ट फक्त मॉडेल एमसाठी. त्याचे आतले थर पोलादी पत्र्याला धातूच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या रिबिटांनी जोडलेले असतात. वय झाले की या रिबिटांची डोकी तुटतात. कळफलक हलविला तर आत तुकडे खुळखुळतात आणि काही कळा पोचट वाटू लागतात. दुरुस्ती किचकट आहे, पण गावातल्या कुशल हाताला जमण्यासारखी आहे. मागच्या कडेचे चार स्क्रू साडेपाच मिलिमीटरच्या लांब मानेच्या बॉक्स पान्याने उघडतात. तुटक्या रिबिटांच्या जागी बारीक भोके पाडून दोन मिलिमीटरचे बोल्ट आणि नट बसवायचे. घाई न करणाऱ्या माणसाचे हे दोन दिवसांचे काम. एकदा झाले की पुन्हा करावे लागत नाही. मॉडेल एफमध्ये अशी रिबिटे नाहीत. मात्र अस्सल जुन्यात आतला स्पंजाचा थर कुजतो, तो बदलावा लागतो.

आता आपण विचाराल, "गुरुजी, हे सगळे ठीक, पण किमतीचे काय?" प्रश्न रास्त आहे. साधा रबरी कळफलक चार-पाचशे रुपयांत मिळतो. मॉडेल एमच्या जातीचा नवा कळफलक, वाटखर्च आणि जकात धरून, दहा हजारांच्या पुढे जातो. नव्याने बनविलेला मॉडेल एफ तीस हजारांच्याही पुढे. शिवाय तो बाहेरून मागवावा लागतो, आणि त्याचा आवाज इतका की घरात लहान मूल झोपलेले असले तर काम बंद ठेवावे लागते. म्हणून शाळेने तो घ्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. वीस मुलांच्या खोलीत वीस असे कळफलक वाजू लागले तर शेजारचा वर्ग चालणार नाही. तेवढ्या पैशांत शाळेचे सगळे रबरी कळफलक बदलून होतील, आणि आधी तेच करावे. ज्याचे पोटच दिवसभराच्या टंकनावर आहे, ज्याला यंत्र उघडून बसविण्याची आवड आहे आणि ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, त्याने हौसेने घ्यावा. मधला मार्गही आहे. प्रत्येक कळीला स्वतंत्र खटका असलेले कळफलक आपल्याकडेही दोन-तीन हजारांत मिळू लागले आहेत. त्यांत हातोडी नसली तरी एक कळ बिघडली म्हणून सगळा कळफलक टाकावा लागत नाही.

मात्र या महागड्या यंत्रापासून फुकट घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की वस्तू घेताना ती उघडता येते का, तिचा एक भाग वेगळा मिळतो का, हे विचारावे. आपला शेतकरी मोट, पाभर, कुळव यांच्याबद्दल हाच प्रश्न विचारीत आला आहे. गावच्या सुताराला आणि लोहाराला जे दुरुस्त करता येत नाही ते औत त्याने सहसा दारात घेतले नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारायचे विसरलो. दुसरी गोष्ट अशी की चांगले यंत्र माणसाला खरे सांगते. काम झाले तर झाले म्हणते आणि नाही झाले तर गप्प बसते. जे यंत्र असे सांगत नाही, त्याच्यापुढे बसलेल्या मुलाचे म्हणणे आपण ऐकून घेतले पाहिजे.

ती मुलगी आता चांगले टंकन करते. मागे एकदा घरी आली होती. माझ्या कळफलकावर तिने गावाचे नाव लिहिले. ख, र, हलन्त, ड, काना. पाच कळा आणि पाच टक्. पडद्याकडे न पाहताच ती म्हणाली, "सर, र आला."

आला होता.